बर्नीने निवडलेला झगा

अमेरिकेतल्या आमच्या डुलुथ गावात दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, चर्चच्या तळघरात, वजनासाठी पोटाचं ऑपरेशन करून घेतलेले आम्ही सगळे जमतो आणि एकमेकांचे कपडे नेतो. दर दोन महिन्यांनी माप बदलतं, नवे घेणार तरी किती? नियम एकच, पण कडक: आपला कपडा आपण निवडायचा नाही. अंग उतरतं, डोळे मात्र उतरायला तयार नसतात. माझे दीडशे पौंड गेले, तरी मी दारातून तिरकी होऊनच जाते.

शनिवारी माझ्या मुलाचं, कर्टिसचं लग्न. त्याच्या जन्मापासूनचे सगळे फोटो मी काढले, म्हणून मी एकाही फोटोत नाही. ती युक्तीच होती माझी. या वेळी मला फोटोत उभं राहायचं होतं, आणि अंगावर धड कपडा नव्हता.

माझ्यासाठी निवडायची पाळी बर्नीची. तिने निळा झगा काढला. चौदा नंबर.

"बर्नी, कसला राग काढतेस गं माझ्यावर?"

"घालून तर बघ."

"यात माझा एक हात जाईल."

"मग हात घाल. बाकीची मागून येशील."

मी शेजारच्या खोलीत गेले, डोळे मिटले, श्वास रोखला आणि झगा डोक्यावरून ओढला. तो कुठे अडलाच नाही.

"बर्नी, उसवला गं! भरून देते मी!"

बर्नी धावत आली आणि तिने पाठीमागून कापड चिमटीत धरलं. "उसवला कुठे? सैल होतोय तुला. कंबरेत आत घ्यावा लागेल, थांब, टाचण्या लावते."

मी आरशात पाहिलं. आधी दंडांची लोंबती कातडी दिसली, मग झगा, मग त्यातली बाई. मी चक्क भोकाड पसरलं.

"रड, पण हलू नकोस, टाचणी टोचेल," बर्नी म्हणाली. "फोटोत कुठे उभी राहणार?"

"कडेला."

"नवऱ्या मुलाची आई आहेस. मधे."

"बरं बाई, मधे."

डोळे पुसून बाहेर आले, तर ही बया एक तंबूएवढी विजार गुपचूप आपल्या पिशवीत कोंबत होती.

"काय गं ते?"

"घरात घालायला."

"तीन बर्नी मावतील त्यात!"

"आणि परत सुटले तर?" ती म्हणाली. आता ती हसत नव्हती.

ही भीती मीही रोज उशाशी घेऊन झोपते. मी विजार काढून घेतली, ढिगातून दहा नंबरची शोधली आणि तिच्या हातात दिली.

"सुटलीस तर सुटलीस. तेव्हाही मीच निवडेन. आता आत जा."