शेऱ्याचा रकाना

तेवीस वर्षं मी घरोघरी जाऊन पाण्याचे मीटर वाचले. नवे मीटर आपले आपणच आकडा पाठवणार म्हटल्यावर माझे पाय बिनकामाचे ठरले आणि मला कार्यालयात टेबलामागे बसवलं. माझ्यासारख्या तोंडाळ माणसाला टेबलामागे बसवणं ही शिक्षाच, आणि ती टेबलाला जास्त होती.

जुन्या वह्या संगणकात चढवायचं काम एका नव्या मुलीकडे होतं. मी वाचायचं, तिनं टाइप करायचं. आमच्या वहीत आकड्याशेजारी शेऱ्याचा रकाना असे आणि त्यात ज्याची त्याची स्वतःची भाषा. ‘कु.’ म्हणजे कुत्रं सांभाळा. ‘मा.’ म्हणजे मागच्या दारानं जा. एका घरापुढे मी दर वेळी ‘थां.’ लिहायचो. तिथे एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहायच्या, सगळी गल्ली त्यांना बाई म्हणायची. गुडघे पार गेलेले. मीटर आत मोरीत, आणि कडी वाजवल्यावर खुर्ची पुढे ढकलत दारापर्यंत यायला त्यांना दहा मिनिटं लागत. थां. म्हणजे थांबा, बाई येताहेत.

मुलीनं विचारलं, “काका, थां. म्हणजे काय?”

त्याच सकाळी माझी फिरतीची पिशवी जमा करून घेतली होती. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

“लिहिलंय ते लिही. डोकं खाऊ नकोस.”

तिच्यापुढच्या यादीत तीनच शब्द होते: चालू, नादुरुस्त, थांबलेला. तिनं ‘थांबलेला’ निवडला. दुसरं काय करणार होती ती? दोष तिचा नाही, माझा आहे. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, आता सांगतोय.

मग नवे मीटर बसवणारे आले. एका दिवसात चाळीस घरं उरकायची, त्यांना कुठली फुरसत? दोनदा कडी वाजवली, दोनदा निघून गेले. थांबलेला मीटर आणि दार न उघडणारं घर, म्हणजे घर रिकामं असा नियम. दाराला चिठ्ठी अडकवली आणि आठवड्यानं रस्त्यावरूनच जोडणी तोडली.

तोडलेल्या जोडण्यांची यादी फाइलला लावायला माझ्याकडे आली, तोवर दीड महिना उलटून गेला होता. त्यातला बाईंचा क्रमांक मला तोंडपाठ होता. साहेबांच्या खोलीत जाऊन मी नको नको ते बोललो, पण दुपारपर्यंत पाणी सुरू करून घेतलं. मग बाईंच्या घरी गेलो, तर दाराला कुलूप.

शेजारीण जिन्यातच भेटली. चिठ्ठी तिनंच काढून बाईंच्या हातात दिली होती, कार्यालयात जाऊन येते असंही म्हणाली होती. पण बाईंनी तिला जाऊ दिलं नाही. मीटरवाले एक तारखेला येतातच, त्यांच्या हातात देईन, ते सगळं बघतील, असं त्यांचं म्हणणं. एक तारीख गेली, पुढचीही गेली. शेजारीण रोज दोन बादल्या आणून द्यायची, तिची कंबर धरली तेव्हा भाचा आला. पाण्यावाचून एकट्या कशा राहणार म्हणून त्यानं बाईंना वृद्धाश्रमात ठेवलं आणि घर भाड्यानं दिलं. भाडेकरू दोन दिवसांत यायचे होते.

मी तसाच वृद्धाश्रमात गेलो. आठ खाटांची खोली, बाई खिडकीजवळच्या खाटेवर बसलेल्या. मला बघून त्या इतक्या हसल्या की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

“तुम्ही आजारी होतात का हो? मला काळजी लागून राहिली होती.”

मी नाही म्हणालो. माझ्याच चुकीनं पाणी गेलं, हे सांगायचं ठरवून आलो होतो. तोंडाळ म्हणून ओळखला जाणारा मी, पण ते काही बाहेर पडेना.

“पाणी आलंय, बाई,” एवढंच म्हणालो.

“मला ठाऊक होतं, तुम्ही कराल,” त्या म्हणाल्या आणि उशीखालची कापडी पिशवी ओढून तिच्यात चष्म्याची डबी, कंगवा, औषधाच्या पट्ट्या भरू लागल्या. घडी केलेली साडी माझ्या हातात देत म्हणाल्या, “एवढी धरा जरा. भाच्याला कळवू नका, उगाच धावत येईल. आपण दोघंच जाऊ.”

मी साडी धरून उभा राहिलो. त्या खाटेखाली वाकून चपला शोधत होत्या.