मूठभर जव

लेकीचं, पिलारचं लग्न झालं, त्याच उन्हाळ्यात व्हॉयेजर यान गुरूपाशी पोचलं. लग्नातला उरलेला रस्सा पावाने पुसून खाताना फ्लोरेन्सिओ बायकोला सांगत होता, "गुरू यानाला असा गोफणीसारखा भिरकावतो, की शनीपर्यंत जायला इंधन जाळावं लागत नाही."

"फुकट?" कसिल्दाने विचारलं.

"फुकट."

"फुकट काही नसतं. गुरूचं काय गेलं?"

फ्लोरेन्सिओ गावाबाहेरच्या, यानांचे संदेश टिपणाऱ्या अँटेनाच्या तळाशी काम करी. ती अवाढव्य तबकडी तेलाच्या पातळ थरावर फिरे, आणि त्या तेलाचे पंप त्याच्या ताब्यात होते. आभाळातलं सगळं त्याला ऐकीव. दुसऱ्या दिवशी तो इंजिनिअरला विचारून आला.

"गुरूचा वेग कणभर कमी होतो म्हणे. पण त्याला काही जाणवत नाही."

"त्याला विचारलंत का कुणी?"

गावात कुणाचं खेचर मागून आणलं, तर परत करताना त्याच्या तोंडाशी मूठभर जव धरायचे, ही जुनी रीत. मालकाला नव्हे, ज्याने ओझं ओढलं त्याला. कसिल्दाने मूठभर जव घेतले आणि खळ्यावर जाऊन आभाळाकडे उधळले. चिमण्यांची चैन झाली. शनीच्या वेळीही तेच. युरेनसच्या वेळी तर बर्फात.

"लोक हसतात गं."

"हसू देत. तू पंप सांभाळ."

पंपांची नोकरीही तिच्यामुळेच होती. तिशी उलटली तरी फ्लोरेन्सिओला अक्षरओळख नव्हती. तेव्हा कसिल्दाला माद्रिदच्या एका मोठ्या शिंप्याकडून शिवणकामासाठी बोलावणं आलं होतं. ती गेली नाही. संध्याकाळी चुलीपाशी नवऱ्याला अक्षरं गिरवायला बसवत राहिली, आणि माद्रिदबद्दल पुढे कधी ब्रही काढला नाही.

१९८९च्या ऑगस्टमध्ये नेपच्यूनची पाळी आली. वाटेवरचा शेवटचा ग्रह. तोवर फ्लोरेन्सिओ निवृत्त झाला होता आणि कसिल्दाने अंथरूण धरलं होतं.

"आज तू जा खळ्यावर," ती म्हणाली.

"या खेपेला उलटं आहे, बाई. नेपच्यून वेग देत नाही, यानाचाच थोडा काढून घेतो. आपण काही देणं लागत नाही."

"मग यानासाठी टाक. दमलं असेल."

पण जव कुठले? गावात खेचर उरलं नव्हतं. फ्लोरेन्सिओ उन्हात दारोदार फिरला. बायका तांदूळ देऊ करत, मसूर देऊ करत. त्याला जवच हवे होते. ती विचारणार आणि त्याला खोटं बोलता येणार नाही, हे तो जाणून होता. अखेर म्हाताऱ्या बासिलिओच्या दारात, शिकारीसाठी पाळलेल्या तितराच्या पिंजऱ्याशी, त्याला जव दिसले.

"माझ्या पाखराच्या तोंडचा घास कुणाला देतोस?"

"यानाला."

"कसिल्दानं सांगितलं?"

"हो."

"मग दोन मुठी ने. तिच्याशी कुणी वाद घालावा!"

एक मूठ त्याने खळ्यावर उधळली. घरी आला तेव्हा ती जागीच होती.

"टाकलेस?"

"टाकले."

"कुणी हसलं?"

"मीच. थोडासा."

ती समाधानाने कुशीवर वळली.

दुसरी मूठ अडीच महिने कोटाच्या खिशातच राहिली. शवपेटी बंद करण्याआधी त्याने ते जव कसिल्दाच्या हातापाशी ठेवले. पिलारने ते पाहिलं. काठावर सांडलेले दाणे तिने वेचले आणि आत ठेवले.

कसिल्दा गेली ती ११ नोव्हेंबर १९८९ रोजी, सान मार्तीन या संताच्या सणादिवशी, सकाळी.