नीळवालीची थाप

नीळवालीचे हात कोपरापर्यंत निळे, राहायला ती भैरवगढच्या कापड रंगवणाऱ्यांच्या वस्तीमागे, आणि न जेवणाऱ्या पोरांना उचलून रंगाच्या हौदात बुडवायची. लहानपणी तिचं नुसतं नाव काढलं तरी अपूर्वची बोबडी वळायची, आणि आता तोच शहाणा तिच्यावर भयपट काढत होता. स्टुडिओ परवडणारा नव्हता, म्हणून शूटिंग फ्रीगंजच्या राहत्या घरातच चाललं होतं.

भरदुपारी सगळं अडलं ते नीळवाली दारावर मारते त्या थापेपाशी. साउंडवाल्या हर्षलने दार मुठीने वाजवलं, लाटण्याने वाजवलं.

"अरे, ही तर कुरिअरवाल्याची थाप झाली!" अपूर्व वैतागला.

स्वयंपाकघरातून आई हात पुसत आली. "ऐसे नहीं, बेटा. सरक जरा." बाहेर जाऊन तिने दार ओढून घेतलं. आधी नखं दाराच्या फळीवरून हळूच खाली ओढली, मग बांगड्यांसकट दोन थापा मारल्या.

अपूर्वच्या अंगावर सर्रकन काटा आला. लहानपणी ऐकलेली थाप हीच होती.

"तू वाजवायचीस?" आई आत आल्यावर त्याने विचारलं.

"मग कोण?" आई हसली. "बाबा बदलीवर, तू दिवसभर गल्लीत. मी दार वाजवून मागच्या दाराने आत आले, की कसा येऊन बिलगायचास! एरवी कुठे जवळ यायचास तू?"

अपूर्व मॉनिटरकडे वळला. हर्षलने माइक बंद केला. "परफेक्ट, आंटी. हो गया."

तरी आई पुन्हा बाहेर गेली. नखं फळीवरून खाली सरकली, दोन थापा पडल्या. दाराखालच्या फटीतून तिची पावलं दिसत होती. ती मागच्या दाराकडे वळत नव्हती.