सीट वाळल्याशिवाय जेवण नाही

मित्रांनो, गाडीत बसलात की तुम्ही खिडकीबाहेर बघता. आपण कशावर बसलो आहोत, तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. ती मी. कसबा बावड्यातल्या एका पांढऱ्या गाडीची मागची सीट. राखाडी कापडाची, बारा वर्षांची.

माझा जन्म कारखान्यात झाला, पण त्यातलं मशीनच्या सुया आणि नव्या स्पंजचा वास एवढंच आठवतं. शोरूममधला दिवस मात्र स्पष्ट आठवतो. पांढऱ्या टोपीतले अण्णाप्पा आजोबा आपल्या मुलाला, जिनेशला घेऊन गाडी बघायला आले होते. विकणारा म्हणाला, "आजोबा, लेदरची सीट घ्या. फडकं मारलं की झालं."

अण्णाप्पांनी हात मागं घेतला. "चामड्यावर बसून बाहुबलीला जायचं व्हय? आम्हा जैनांत चालत न्हाय ते. कापडाची दाखवा की."

अशी मी त्यांच्या घरी आले. दर पौर्णिमेला हातकणंगल्यापलीकडच्या डोंगरावर जाऊन बाहुबलीचं दर्शन घ्यायचं, हा अण्णाप्पांचा नेम होता. ते खिडकीशी बसत आणि हातकणंगले मागं पडेपर्यंत ओठांत णमोकार मंत्र पुटपुटत. शेजारी त्यांची सून त्रिशला. तिची चार दिवसांची लेक रुचिता दवाखान्यातून घरी आली ती माझ्यावरच, दुपट्यात गुंडाळून. परतताना ऊन कलायला लागलं की जिनेश उसाच्या कडेला गाडी थांबवायचा, कारण या घरात दिवस मावळल्यावर कुणी जेवत नाही. माझ्यावरच डबा उघडायचा. भाकरी, मुगाची उसळ आणि शेवटी रुचिताच्या हातून सांडलेला लाडवाचा चुरा.

त्या चुऱ्याला एकदा मुंग्या लागल्या. त्रिशलाने ना पावडर टाकली, ना झटकलं. दारं उघडून पायरीवर बसून राहिली.

"मुंग्या जायची वाट बघतीयास? मला कामावर जायचंय," जिनेश वैतागला.

"मग जावा की बसनं. त्यांचं आवराय लागलंय."

खरंच, तासाभरात मुंग्या निघून गेल्या. मित्रांनो, इतक्या मायेनं कुणी मला जपलं नाही. आणि माझं नुकसान झालं तेही त्याच मायेनं.

देवाला निघायचं तर बसायची जागाही शुद्ध हवी, असं त्रिशलाला वाटे. म्हणून पौर्णिमेच्या आदल्या दिवशी ती पाणी फडक्यातून गाळून घेई, त्यातला सूक्ष्म जीवसुद्धा मरू नये म्हणून. आणि ते बादलीभर पाणी माझ्यावर ओती. घासून, पुसून संध्याकाळी दार लावून घेई. वरून मी कोरडी दिसे. पोटातला स्पंज मात्र आठवडाभर ओला राही. मला बोलता आलं असतं तर मी सांगितलं असतं.

मागच्या वर्षीच्या पावसाळ्यात काचा बंदच राहिल्या. माझ्या शिवणीवर काळे ठिपके आले, कुबट वास सुटला. भाद्रपदातल्या पौर्णिमेला अण्णाप्पांना जाताना जी खोकल्याची उबळ आली ती परत घरी येईपर्यंत थांबली नाही. डॉक्टर म्हणाले, हा कुबट वास छातीला बरा नाही, या गाडीत बसायचं नाही. एसटीचा धक्का वयाला सोसणारा नव्हता.

"पुढची पौर्णिमा चुकणार म्हणा की," अण्णाप्पा एवढंच म्हणाले. त्या दिवशी त्रिशलाने ताट तसंच बाजूला सारलं.

जिनेशने आकारामला बोलावलं. आकाराम म्हणजे गाड्यांच्या गाद्या शिवणारा कारागीर. त्याने माझे बोल्ट काढले, मला अंगणात आणून खोळ उसवली आणि नाक धरलं.

"वैनी, ही सीट हाय का म्हशीचा गोठा? किती पाणी वतलंसा?"

"पौर्णिमेला एक बादली. गाळून."

"गाळून वता न्हायतर तसंच वता, स्पंज पितंय ते सगळं! आत बघा, बुरशी धरलीया."

त्रिशलाचा चेहरा उतरला. ती सासऱ्यांपुढं जाऊन उभी राहिली. "मामा, पाण्यातलं जीव वाचवाय गेले आणि सीटमधी बुरशीचं लाखानं जीव उपजवलं मी. आता ते मरणार."

"अजाणता झालं, पोरी. आता ओल ऱ्हाऊ द्यायची न्हाय. बास."

आकारामने कुजलेला स्पंज बदलला, खोळ धुऊन ऑक्टोबरच्या उन्हात दोन दिवस वाळवली आणि मला परत बसवलं. जाताना त्रिशलाला शिकवलं, "आधी धूळ झाडायची. फडकं पिळून घ्यायचं, साबणाचा नुस्ता फेस लावायचा. मग कोरड्या टॉवेलानं दाबून टिपायचं आणि दारं सताड उघडी."

त्रिशलाने त्यावर स्वतःचा नेम घातला. मला पाणी लावलं की मी पूर्ण वाळेपर्यंत ती जेवणार नाही.

पौर्णिमेचा आदला दिवस. त्रिशलाने सकाळीच मला पुसलं होतं आणि मी वाळत आले होते. दुपारी चारला रुचिता दुधाचा पेला घेऊन गाडीत बसली आणि सगळं दूध माझ्यावर सांडलं. त्रिशलाने फेसाने डाग काढला, टिपलं. पण ऊन भिंतीवर चढत होतं. सकाळपासून तिनं काही खाल्लं नव्हतं.

"आई, दिवस मावळला तर?" रुचिता रडवेली झाली.

"तर उद्या सकाळी जेवीन. त्यात काय एवढं."

मग जिनेशने घरातला पंखा लांब वायर लावून आणला. रुचिता वहीने वारा घालू लागली. अण्णाप्पाही खुर्ची ओढून बसले आणि डोक्यावरच्या टोपीनं वारा घालू लागले.

"आज्जा, टोपीनं सीट वाळती व्हय?"

"गप वारा घाल. आईला भूक लागलीया."

सूर्य टेकायला थोडाच वेळ राहिला. अण्णाप्पांनी तळहात माझ्यावर ठेवला, दाबला, मग गालसुद्धा लावून बघितला. आम्ही सगळे थांबलो.

"कोरडी हाय," ते म्हणाले. "त्रिशला, ताट घे. उद्या जायाचं हाय आपल्याला."

दुसऱ्या दिवशी हातकणंगले गेलं, बाहुबलीकडचं वळण गेलं. खोकला आला नाही. त्यानंतर अण्णाप्पांनी माझ्यावर बसून आणखी सात पौर्णिमा केल्या. आता वयामुळे ते घराबाहेर पडत नाहीत. गाडी निघाली की उंबऱ्यापर्यंत येतात आणि विचारतात, "सीट वाळलीया न्हवं?"

मित्रांनो, माझा रंग विटला आहे, कडा झिजल्या आहेत. पण माझ्यात ओल नाही, वास नाही. तुमच्याही गाडीत माझी एखादी बहीण असेल. तिच्यावर पाणी ओतू नका. तिची धूळ झाडा, सांडलेलं लगेच टिपा, दारं उघडून तिला ऊन दाखवा. आणि दार लावण्याआधी एकदा तळहात ठेवून बघा. तिला बोलता येत नाही.