नऊच्या रांगेतला सहा

ऑफिसात तिला सगळे नंबरताई म्हणत. काम असं, की लिहिणाऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रामचं गाठोडं बांधायचं, त्यावर नंबर घालायचा आणि ज्याच्या त्याच्या दारी धाडायचं. ॲप एकच, घंटा वाजवून औषधाची आठवण करून देणारं. दारं मात्र चार: कॉम्प्युटर, नवे फोन, मनगटावरचं घड्याळ आणि जुने फोन. एका आईच्या चार लेकी चार घरी दिलेल्या. एकीचा उंबरा उंच, एकीचं छत बुटकं, एकीचं माप दुसरीला बसायचं नाही. म्हणून नंबरताईच्या वहीत चौघींची वाढ वेगळी मांडलेली. कॉम्प्युटर नऊवर, नवे फोन आठवर, घड्याळ सातवर आणि धाकटे, म्हणजे जुने फोन, सहावर.

साहेबांना हे बघवेना. सोमवारी तक्त्यासमोर ते मान वाकडी करून उभे राहिले.

"नऊ, आठ, सात, सहा. ही काय घसरगुंडी आहे?"

"ज्याचं जेवढं काम झालंय, तेवढा नंबर, साहेब."

"उद्या बडे पाहुणे येतायत. सगळे नऊ करा."

"आत काहीच न बदलता?"

"आत कोण बघतं, ताई?"

साहेबांनी स्वतःच्या बाबतीतही हेच धोरण ठेवलं होतं आणि त्याच जोरावर ते साहेब झाले होते. नंबरताईने तिन्ही चिठ्ठ्या बदलल्या. सहाचंच गाठोडं, वर नऊची चिठ्ठी, आणि धाडून दिलं. मंगळवारी पाहुण्यांनी रांगेतले चार नऊ पाहिले, माना डोलावल्या. साहेबांची छाती चार बोटं फुगली.

सहामध्ये एक खोट होती. घंटा दहा मिनिटांच्या अंतराने दोनदा वाजायची. लिहिणाऱ्याने ती काढून जुन्या फोनांसाठी सात नंबरचं गाठोडं तयार ठेवलं होतं. तेही मंगळवारी रवाना झालं. दोनदा वाजली म्हणून कोणाचं काय बिघडतं, असंच सगळ्यांना वाटलं.

बुधवारी सकाळी बाबांचा फोन आला.

"बाळ, चक्कर येतेय गं. भिंत धरून चालतोय."

"रक्तदाबाची गोळी घेतली ना?"

"दोन्ही घेतल्या."

"दोन्ही? गोळी एकच आहे, बाबा!"

"गेल्या आठवड्यापासून तुझी घंटा दोनदा वाजते. मी म्हटलं, लेकीच्या ऑफिसातली शिकलेली माणसं, विचार करूनच वाजवत असतील."

एकच घ्या, पडून राहा, असं बजावून नंबरताईने बाबांच्या शेजारच्या काकूंना फोन करून डॉक्टर आणायला धाडलं. मग ऑफिसच्या कपाटातला जुना फोन काढून सात चढवू पाहिलं. फोन अदबीने म्हणाला, आपल्याकडे याहून नवी आवृत्ती आहे. बिचाऱ्याला चिठ्ठी वाचता येत होती, गाठोडं उघडता येत नव्हतं. नऊवर बसलेल्याने सातला दार का उघडावं? बाबांच्या फोनसारखे असे जुने फोन अकरा हजार. अकरा हजार घरांतले कोणाकोणाचे बाबा भिंत धरून चालत असतील?

ती साहेबांच्या खोलीत शिरली.

"दुरुस्ती दहा नंबरने सोडावी लागेल. आत्ताच."

"दहा?" साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. "दहा पुढच्या महिन्याच्या सोहळ्यासाठी राखलाय. कापडी फलक छापून आलाय!"

"लोक दोन-दोन गोळ्या घेतायत, साहेब."

"मग नऊमध्येच गुपचूप सरकवा."

"नऊवाला फोन पुन्हा नऊ घेत नाही. वरचाच नंबर लागतो."

"रांग मोडेल, ताई. बाकी तिघं नऊ आणि सगळ्यात जुना दहा? हसतील लोक. आणि विचारल्याशिवाय सोडलंत, तर उद्या ही खुर्ची तुमची नसेल."

"हसायला लोक उभे तर राहायला हवेत," ती म्हणाली आणि आपल्या खुर्चीवर येऊन बसली. खुर्ची असेपर्यंत बटण तिच्याच बोटाखाली होतं. दुपारी सव्वातीनला दहा निघाला, धाकटी लेक पहिल्यांदाच सगळ्यांच्या पुढे.

संध्याकाळी साहेब तिच्या टेबलापाशी आले. तिने पर्स आवरायला घेतली होती.

"ठेवा ती. पाहुण्यांचा फोन होता. दहाचं कौतुक केलं त्यांनी. मी सांगितलं, माझीच कल्पना." ते जरा वाकले. "आता उरलेले तिन्ही दहा करून टाका."

"त्यांच्या आत काय घालू?"

"नवा उत्साह," साहेब म्हणाले आणि फलक कुठे लावायचा ते बघायला गेले.

नंबरताईने वहीत तीन नऊ तसेच ठेवले आणि पेन टोपणात घातलं.

गुरुवारी सकाळी बाबांचा फोन. आवाज खणखणीत, पण काळजीचा.

"अगं, आज घंटा एकदाच वाजली. तुझी नोकरी शाबूत आहे ना?"