रविवारचं चित्र

नाशिकरोडच्या कॉलनीत विमलाबाई एकट्याच राहत. शाळेतून निवृत्त झाल्या होत्या. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात नोकरी केलेले पती वारले होते आणि मुलगी तृप्ती मेलबर्नला होती. दर रविवारी दुपारी त्या कॉम्प्युटरसमोर बसून तिच्याशी बोलत. नुसता आवाज यायचा. २००५ मध्ये नात झाली तेव्हा तृप्ती म्हणाली, "आई, कॅमेरा लावून घे ना. यशूला बघशील."

त्यासाठी मेमरी वाढवावी लागेल, असं दुकानदार म्हणाला आणि त्याने एका जुन्या मशीनमधली चिप काढून बसवली. "ही जरा स्लो आहे, पण चालून जाईल."

त्या रविवारी यशू दिसली. पाळण्यात पडून पाय झाडत होती. विमलाबाईंनी तिला हाक मारली, तेवढ्यात तिचा पाय हवेतच राहिला. चित्र थांबलं होतं. मग सगळा पडदा निळा झाला.

पुढच्या रविवारी तेच. त्यानंतरही तेच.

"आई, तू काहीतरी दाबत असशील," तृप्ती म्हणाली.

"नाही गं."

पण त्यांनाही तसंच वाटू लागलं. यशू दिसायला लागली की त्या माउसला हातही लावत नसत. तरी मशीन बंद पडायचंच. ते पुन्हा सुरू होईपर्यंत तिकडे यशू झोपून गेलेली असायची.

शेवटी तृप्ती म्हणाली, "राहू दे आई. फोनवर बोलत जाऊ."

फोनवर यशूचा फक्त श्वास ऐकू यायचा.

बऱ्याच महिन्यांनी बुद्धपौर्णिमेची वर्गणी मागायला कॉलनीतला राकेश आला. तो कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करायचा. विमलाबाईंनी सहज चित्र अडण्याचा विषय काढला, तर त्याने कॉम्प्युटरचा डबा उघडूनच पाहिला.

"मॅडम, बोर्ड फास्ट आहे आणि ही चिप स्लो. तिला तेवढा वेग झेपत नाही. जास्त काम पडलं की मशीन बसतं. तुमचं काही चुकत नव्हतं."

विमलाबाई उठल्या. चहा ठेवते म्हणून आत गेल्या आणि बराच वेळ आतच राहिल्या.

राकेशने योग्य चिप आणून बसवली. रविवारी चित्र एकदाही अडलं नाही. यशू आता चालत होती.

"यशू, आजी बघ."

यशूने एकदा पाहिलं, आईच्या कुशीत तोंड लपवलं आणि उतरून खोलीबाहेर पळाली.

"थांब हं आई, जिन्याकडे चाललीये ती," म्हणत तृप्ती तिच्यामागे गेली.

पलीकडून दोघींचं हसणं ऐकू येत होतं. विमलाबाई पडद्यावरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत बसल्या.