न बोललेला नवस

सत्तावीस सालची गोष्ट. वादळ होऊन तीन दिस झाले, तरी धर्माजीचं होडकं किनाऱ्याला न्हाय लागलं. धर्माजी माझा घरवाला. सासूनं सगळ्या देवांना नवस बोलून ठेवले. घरात दाणा न्हाय म्हणून मी खाडीपल्याड कोर्लईत सुकट विकायला गेले. तिथं किरिस्तावांच्या देवळात माउलीची मूर्त हाय, तिच्या दारात रडले, "माउली, माझा माणूस दे." तेवढंच. बदल्यात काय देईन, ते बोललेच न्हाय. अक्कल गहाण ठेवलेली, दुसरं काय!

चौथ्या दिशी तो जिता आला. मी माउलीचं सांगितलं तशी सासूनं, भागुबाईनं, विचारलं, "तिथं नवस काय बोललीस?"

"काय न्हाय."

तिनं हातातली मासळी खाली टाकली. "अगो मेले! न बोललेला नवस देव आपल्या मनानं घेतो. मग तो कोंबड्यावर भागत न्हाय."

दोन दिसांनी केसर तापली. सहा वर्षांची, माझी एकुलती. तिनं डोळे पांढरे केले तशी मी उमजले. माउलीनं नवसात हिलाच निवडलं होतं.

पोरीला पाठीशी बांधलं, कोंबडा, नारळ, लग्नातलं लुगडं घेतलं नि कोर्लई गाठलं. "पाद्रीबाबा, हे घ्या. कमी असलं तर सांगा. पोर सोडून काय बी मागा!"

म्हातारा पाद्री म्हणाला, "बाई, देवानं तुझा माणूस असाच दिलाय. हे घरी ने."

माझं डोकंच फिरलं. "असाच? असं तर सख्खी जाऊ मीठ बी देत न्हाय! मला फसवू नका."

"द्यायचं ते देऊन झालंय," म्हणत त्यानं क्रुसावर खिळलेल्या माणसाकडं बोट केलं. "माउलीचा मुलगा. तुझ्या-माझ्यासाठी गेला."

मी कोंबडा खाली ठेवला. जिच्याकडं माणूस मागितला, तिचंच पोर गेलेलं? नि मी तिच्यापुढं कोंबडा नाचवत होते! लाज वाटली, नि भ्या बी वाटलं. पोर गेलेली बाई दुसरीचं पोर घेईल का सोडील? मला काय ठाऊक!

केसरचा श्वास घरघरत होता. मी तिला माउलीपुढं निजवलं. "ही बी दे," म्हणाले. "मी काय बी देणार न्हाय. माझ्यापाशी तेवढं न्हायच."

ऊन कलताना केसरनं पाणी मागितलं.

त्यानंतर अकरा वर्षं मी दाराकडं बघत होते, आज कोणी नवसाची फेड मागायला येईल, उद्या येईल. औंदा केसरचं लगीन झालं. कोणीच आलं न्हाय.